नाकातून मेंदूची गाठ आणि नंतरच्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी फवारणीच्या विषबाधेवरची पत्रं जास्त आली, ती पुढच्या अंकात घेतो, कारण दारव्हा तालुक्यातून एक पत्र आलंय ते थांबण्यासारखं नाही. त्यांना फोनवर सांगून झालंय, तरी सगळ्यांसाठी इथे लिहितो. त्याच दुखण्याच्या आसपासची अजून दोन-तीन पत्रं होती, तीपण सोबत. नावं नेहमीप्रमाणे काढलीत.

प्रश्न : डॉक्टर साहेब, नमस्कार. आमी कोरडवाहू शेतकरी. माह्या भाच्याले १४ वर्षं पूर्ण झाले, नववीत आहे. वर्षभरापासून त्याचं डोकं दुखते, आमी म्हणलं उन्हाचं असंन. आता सकाळी उठला का उलटी करते. पाणी लय पिते, रातच्याला चार-पाच खेपा लघवीले उठते. उंची वाढूनच नाई राह्यली, लहाना भाऊ त्याच्या वर गेला. पोळ्याच्या आधी सायकलवरून येत होता तं बाजूनं आलेला ट्रॅक्टर त्याले दिसलाच नाई, थोडक्यात वाचला. चष्म्याच्या दुकानात नेला, अक्षरं सगळे बरोबर वाचले म्हणे. मंग घरच्यायनं बाहेरचं पण पाह्यलं. शेवटी यवतमाळले सिटी स्कॅन अन् नागपूरले एमआरआय केला तं क्रॅनिओफॅरिंजिओमा लिहून आलं, साडेतीन सेंटिमीटर. डॉक्टर म्हणतात नाकातून ऑपरेशन करू. मेंदूची गाठ नाकातून कशी निंघते? सोयाबीन निंघाल्यावर, दिवाळीनंतर केलं तं चालंन का? भाऊजी म्हणते गाठ कॅन्सरची नाई तं कापता कायले, एक जण काढा देते त्यानं विरघळते. अन् पोरगा पह्यल्यासारखा होईन का?

उत्तर : मामा, आधी सोयाबीनचं बोलू. नाही, थांबायचं नाही. सोयाबीन गावातलं कोणीही काढून देईल, हार्वेस्टर आहे, भाऊबंद आहेत, पण डोळ्याची नस जितके दिवस दाबलेली राहील तितकी नजर परत यायची आशा कमी होत जाते आणि नस एकदा सुकली की मग गाठ कितीही चांगली काढा, उपयोग नाही. आणि सकाळची उलटी ही त्याहून वाईट खूण आहे, मेंदूतल्या पाण्याची वाट गाठीनं अडवली की असं होतं. तारखेची वाट बघताना पोरगा सुस्त पडायला लागला, हाक मारून उठेना, नजर एकदम उतरली किंवा उलट्या थांबेनात तर तारीख-बिरीख विसरा, १०८ ला फोन लावा आणि न्यूरोसर्जन आहे तिथल्या कॅज्युअल्टीत न्या, रात्र असली तरी.

चष्म्याच्या दुकानात सगळं बरोबर वाचलं याचं नवल वाटून घेऊ नका. या गाठीत समोरची नजर बरेच दिवस शाबूत राहते आणि दोन्ही डोळ्यांची बाहेरच्या बाजूची नजर आधी जाते, म्हणून तक्ता वाचता येतो पण बाजूचा ट्रॅक्टर दिसत नाही. दुकानातल्या माणसाकडे ते तपासायचं मशीनच नसतं. त्यासाठी फील्ड टेस्ट करावी लागते, डोळ्याच्या डॉक्टरांकडे. ऑपरेशनच्या आधी ती करून घ्याच, म्हणजे नंतर फरक कळेल.

आता ही गाठ म्हणजे काय. नाकाच्या मुळाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, पण उंची, थायरॉइड, कॉर्टिसोल (आजारपणात अंगाला तग धरायला लागणारं हार्मोन), वयात येणं या सगळ्याचे हुकूम तिथून सुटतात. बरोबर तिच्या वर डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात. बाळ आईच्या पोटात असताना या ग्रंथीचा पुढचा भाग तोंडाच्या छतापासून तयार होऊन वर सरकतो, त्या वाटेत काही पेशी मागे राहून जातात, आणि पुढे कधीतरी त्याच वाढायला लागतात. दात ज्यांच्यापासून बनतात त्याच जातीच्या या पेशी, म्हणून लहान मुलांच्या गाठीत बहुतेक वेळा चुना साठलेला असतो (सिटी स्कॅनमध्ये पांढरा दिसतो तो तोच) आणि सोबत पाण्याची पिशवी असते, आतलं पाणी इतकं काळपट आणि चकाकतं की सर्जन लोक त्याला मशीन ऑइलच म्हणतात. म्हणजे यात तुमच्या बहिणीचं काही चुकलं नाही, बाहेरचंही काही नाही, आणि घरातल्या बाकीच्या लेकरांना होईल असंही नाही.

दुर्मिळ म्हणजे किती, तर दहा लाख लोकांमागे वर्षाला अर्धी ते दोन. विदर्भाची लोकसंख्या अडीच कोटीच्या आसपास धरली तर सगळ्या अकरा जिल्ह्यांत मिळून वर्षाला बारा ते पन्नास पेशंट, त्यातही सगळी मुलं नाहीत, ही गाठ ५ ते १४ या वयात आणि परत पन्नाशीनंतर जास्त दिसते. तालुक्याच्या डॉक्टरनी आयुष्यभरात एखादीच पाहिली असेल किंवा पाहिलीच नसेल, त्यामुळे वर्षभर कोणाच्या लक्षात आलं नाही याचा राग आता बाजूला ठेवा.

नाकातून कशी काढतात? नाकाच्या पार मागे एक हवेची पोकळी असते आणि तिच्या मागच्या भिंतीला लागूनच ही ग्रंथी. कान-नाक-घशाचे सर्जन आणि न्यूरोसर्जन दोघं मिळून ४ मिलिमीटरची दुर्बीण नाकपुडीतून आत नेतात, ते हाड बारीक ड्रिलनं उघडतात, पिशवीतलं पाणी काढून गाठ सैल करतात आणि मग नसांपासून, रक्तवाहिन्यांपासून हळूहळू सोडवतात. शेवटी पडलेलं भोक बुजवायचं काम असतं, त्याला मांडीतली चरबी किंवा पडदा आणि नाकाच्या मधल्या पडद्याची अस्तराची पट्टी वापरतात. दिवसाचा मोठा भाग जातो यात, बाहेर बसलेल्यांनी चार तास झाले म्हणून घाबरून जायचं नाही. चेहऱ्यावर कापलेलं दिसत नाही, डोक्याचे केस काढावे लागत नाहीत. पण सगळ्याच गाठी नाकातून निघत नाहीत हेही खरं, गाठ बाजूला पसरली असेल, किंवा मूल फार लहान असून ती हवेची पोकळीच तयार झाली नसेल, तर कवटी उघडून करतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. कोणी सांगितलं 'नाकातून म्हणजे भारी, वरून म्हणजे जुनं' तर ऐकू नका, गाठ कुठे आहे त्यावर रस्ता ठरतो.

मला ज्यावर जास्त बोलायचंय ते वेगळं आहे. नातेवाईक सर्जनना एकच विचारतात, 'सगळी निघेल ना साहेब?' मामा, हा प्रश्न या गाठीत जरा जपून विचारा. गाठ कॅन्सरची नाही, पण जागा अशी आहे की वरच्या बाजूला हायपोथॅलॅमस चिकटून असतो, भूक, तहान, झोप, अंगाचं तापमान हे सगळं तिथून चालतं. गाठीचा शेवटचा तुकडा तिथे घट्ट चिकटलेला असेल आणि 'सगळी काढा' या हट्टापायी ओढला, तर स्कॅन स्वच्छ येतो आणि पोराची भूक कधी शमत नाही, वर्षभरात वीस-पंचवीस किलो चढतात, दिवसा झोपतो, स्वभाव बदलतो. पूर्वी जगभर सगळी काढायचाच आग्रह असायचा, आता बरेच अनुभवी सर्जन मुद्दाम थोडी ठेवतात आणि उरलेल्यावर रेडिएशन देतात. थोडी ठेवून रेडिएशन दिल्यावरही गाठ ताब्यात राहायचं प्रमाण सगळी काढल्यासारखंच मिळतं, हे बऱ्याच ठिकाणच्या अनुभवातून पुढे आलंय. म्हणून असं विचारा : 'हायपोथॅलॅमसला चिकटली असेल तर तुम्ही काय कराल?' ज्या डॉक्टरला या प्रश्नाचं उत्तर सरळ देता येतं त्यांच्याकडे करा. अजून विचारा की या जागेच्या गाठी ते नेहमी करतात का, आणि त्या दवाखान्यात हार्मोनचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, रोजच्या रोज बघायला आहेत का. माझ्या मते हार्मोनच्या डॉक्टरांचा हा प्रश्न सर्जनच्या नावापेक्षाही मोठा आहे.

ऑपरेशनच्या आधी रक्ताच्या तपासण्या सांगतील त्यात सकाळचं कॉर्टिसोल आणि थायरॉइडचं टी-फोर नक्की असायला पाहिजे, नुसत्या टीएसएचवर (पिट्युटरीकडून थायरॉइडला जाणारा हुकूम) जाऊ नका, या आजारात टीएसएच नॉर्मल दिसून फसवतो. आणि दोन्ही कमी निघाले तर आधी कॉर्टिसोलची गोळी, मग थायरॉइडची. उलटं केलं, थायरॉइड आधी सुरू केलं, तर पेशंट कोसळू शकतो. हे लिहायचं कारण की गावाकडे थायरॉइडची गोळी मेडिकलवाला पण देऊन टाकतो.

ऑपरेशननंतर पहिले काही दिवस नर्स तासातासाला लघवी मोजतील, रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, दिवसातून दोन-तीनदा तपासतील. पहिल्यांदा लघवी धो-धो होते, मग पाच-सहा दिवसांनी कधी कधी अचानक कमी होते आणि सोडियम खाली येतं, पोरगा गुंगल्यासारखा करतो, झटका पण येऊ शकतो, आणि मग परत धो-धो. गंमत म्हणजे मधला काळ नेमका सुट्टी मिळायच्या वेळेला येतो आणि घरचे म्हणतात बघा लघवी कमी झाली, बरा झाला. सुट्टी मिळाल्यावर आठवडाभरात सोडियम कुठे तपासायचं ते लिहूनच घ्या, दारव्ह्याला किंवा यवतमाळला होतं ते. घरी आल्यावर नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, वाकून ओझं उचलायचं नाही, संडासला जोर करायचा नाही. नाकातून पाण्यासारखं थेंब थेंब आलं, खारट लागलं, तर शेंबूड समजून रुमाल देऊ नका, मेंदूचं पाणी आहे ते, त्याच दिवशी परत जायचं.

पहिल्यासारखा होईल का, तर डोकेदुखी आणि उलट्या जातील, नजर कितपत येते ते नसेवर आहे, आणि गोळ्या बहुतेक जन्मभर राहतील. कॉर्टिसोलसाठी हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉइडची, लघवी आवरणारी डेस्मोप्रेसिन, पुढे वयात यायला टेस्टोस्टेरॉन, आणि गाठ वर्षभर शांत राहिली तर उंचीचं इंजेक्शन. ऐकायला खूप वाटतं, पण शाळा, कॉलेज, शेती, लग्न, सगळं होतं या गोळ्यांवर. एमआरआय मात्र सांगतील तेव्हा करायचाच, ही गाठ परत यायची असेल तर बहुतेक पहिल्या काही वर्षांत येते. डेस्मोप्रेसिन सुरू असताना एक जपायचं : आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि घरातली बाई दर अर्ध्या तासाला 'पाणी पी रे बाबा' करते. या पोराला तहान लागेल तेवढंच पाणी, जबरदस्ती नको, कारण गोळी लघवी अडवून ठेवते आणि वरून पाणी ओतलं की सोडियम पडतं. पुढची गोळी द्यायच्या आधी एकदा लघवी मोकळी होऊ द्यायची. ज्याची तहानच मेलेली असते त्याला डॉक्टर मोजून पाणी ठरवून देतात, तो वेगळा विषय.

पैशाचं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूची ऑपरेशनं आणि रेडिएशन येतं, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता कुठल्याही रंगाचं रेशन कार्ड चालतं. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, भरती व्हायच्या आधी तिथे जा. रेशन कार्डावर पोराचं नाव चढलेलं आहे का आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच बघा, अर्धे लोक तिथेच अडकतात. नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी आहे, मिहानकडे एम्स आहे, मुंबईला जायचंच असं नाही. रेडिएशन लागलं आणि डॉक्टरनी प्रोटॉनचं (जास्त नेमका मारा करणारं रेडिएशन) सुचवलं तर ती सोय खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे.

भाऊजींना सांगा, चुना कोणत्याही काढ्यानं विरघळत नाही. काढा देणाऱ्यावर माझा राग नाही असं म्हणणार होतो, पण आहे. डोळे जाताहेत लेकराचे.

प्रश्न : माझी मुलगी १६ वर्षांची आहे, आम्ही मेहकरकडचे. चार वर्षांपूर्वी तिच्या मेंदूतली हीच गाठ काढली. ती रोज हायड्रोकॉर्टिसोन आणि थायरॉइडची गोळी घेते. सगळे म्हणतात स्टेरॉइड आहे, हाडं खराब होतील, बंद कर, म्हणून मी मधे मधे अर्धीच देते. मागच्या महिन्यात ताप आला तेव्हा उलट्या होऊन एकदम गळून गेली, सलाइन लावावी लागली. तिला पाळी अजून आली नाही. वजन खूप वाढलंय, सारखी खायला मागते, सासरचे लोक म्हणतात लाड करून ठेवलेत. पुढे लग्नाचं काय होईल हीच काळजी आहे.

उत्तर : ताई, अर्धी गोळी आजपासून बंद, पूर्ण द्या. बाहेरून दुखण्यासाठी देतात ते स्टेरॉइड वेगळं आणि हे वेगळं. हे तुमच्या-माझ्या अंगात रोज तयार होतं, तिच्या अंगात होत नाही, तेवढंच भरून काढतोय आपण. मागच्या महिन्यात जे झालं ते साध्या तापानं झालेलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, तापात अंगाला हे हार्मोन जास्त लागतं आणि तिच्याकडे नेहमीचंही पुरेसं नव्हतं. ताप आला, जुलाब झाले, दात काढायचा आहे, हाड मोडलं, अशा वेळी डोस दुप्पट-तिप्पट करायचा असतो, किती आणि किती दिवस ते तुमच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलटी होऊन गोळी पोटात टिकतच नसेल तर इंजेक्शनच लागतं. हायड्रोकॉर्टिसोनची एक बाटली घरात ठेवा, गावातल्या नर्सताईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आधीच दाखवून ठेवा, ऐनवेळी कोणी म्हणायला नको की आम्ही असं देत नाही. आणि एक कार्ड तिच्या दप्तरात, मराठीतून : 'मला कॉर्टिसोल तयार होत नाही, आजारी दिसले तर हायड्रोकॉर्टिसोन इंजेक्शन द्या.' पुढे डोस आणि तुमचा फोन नंबर. देवदर्शनाला शेगावला गेलात तरी गोळ्या सोबत, एका पिशवीत सगळ्या नको, दोन पिशव्यांत.

पाळी आली नाही कारण तो हुकूमही त्याच ग्रंथीतून सुटतो. १६ हे वय उशिराचं झालं, एंडोक्रायनॉलॉजिस्टना भेटा, इस्ट्रोजेन कमी डोसपासून सुरू करून हळूहळू वाढवतात, नंतर दुसरं हार्मोन जोडतात, पाळी येते. गर्भाशय तिचं आहेच, पुढे मूल हवं असेल तर त्यासाठीही इंजेक्शनचे उपचार आहेत. लग्न ठरवताना लपवून ठेवू नका एवढंच म्हणेन, लपवलं की गोळ्या लपवाव्या लागतात, आणि लपवलेली गोळी राहून जाते.

भुकेबद्दल. तो लाड नाही आणि हावरटपणाही नाही, तिच्या मेंदूला पोट भरल्याचा निरोप पोचत नाही. मला सगळ्यात जास्त त्रास याचा होतो, की ऑपरेशननंतर पोरगी गुटगुटीत झाली की पहिले सहा महिने सगळे म्हणतात तब्येत सुधारली, आणि मग तेच लोक तिला नावं ठेवतात. घरात डबे उघडे ठेवू नका, ताटात वाढून द्या, परत वाढायचं ते भाजी-वरणच, चिवडा-फरसाण घरात आणूच नका, अगदी कोणासाठीच नाही, रोज चालणं. वजन उतरेलच असं नाही, वाढायचं थांबलं तरी मोठं काम झालं. सासरच्यांना हा अंक वाचायला द्या.

प्रश्न : मी कुरखेडा भागात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. अशी मुलं शाळेत आधी ओळखता येतील का?

उत्तर : गुरुजी, येतील, आणि तुमच्याइतकं कोणालाच नाही. डोकेदुखी तर सगळ्यांनाच होते, तिच्या मागे लागू नका. उंचीकडे बघा. सहावी-सातवीचं पोर वर्षात चार सेंटिमीटरही वाढलं नाही, आधी बरोबरीचं होतं आणि आता मागे पडलं, तर ते नुसतं 'घरातलेच बुटके' म्हणून सोडू नका. भिंतीवर पट्टी रंगवा आणि जूनमध्ये एकदा, जानेवारीत एकदा नोंद करा. त्यासोबत तास सोडून सारखं पाणी आणि लघवी, सकाळच्या उलट्या, चालताना दाराच्या चौकटीला किंवा मुलांना धडकणं, यातलं काही असेल तर थेट सांगा. बाजूची नजर बघायला मशीन लागत नाही : मुलाला समोर बसवा, एक डोळा झाकायला लावा, तुमच्या नाकाकडे बघायला सांगा आणि दोन्ही बाजूंना तुमची बोटं हलवा, कोणतं हललं विचारा. मग दुसरा डोळा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत येते तेव्हा अशा मुलाचं नाव आधी लिहून त्यांच्या हातात द्या, शंभर मुलांच्या रांगेत त्यांना कळणार नाही.

आणि ज्याचं ऑपरेशन झालंय असं मूल वर्गात असेल तर लघवीला जायची परवानगी मागायला लावू नका. नजर कमी झाली असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढायला पालकांना मदत करा, दहावीला बोर्डाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्याचा अर्ज शाळेतूनच जातो आणि तो वेळेत गेला नाही तर काही करता येत नाही.

प्रश्न : मोबाईल जास्त पाहिल्याने ही गाठ होते का? (वरुड)

उत्तर : नाही. या गाठीच्या पेशी जन्माच्या आधीपासून तिथे असतात. मोबाईल कमी करा, पण त्यासाठी दुसरं कारण शोधा.